चोवीस दावी, एकोणीस टन चारा: चाळीसगाव तालुक्यातील एका गोठ्याचे प्रकरण

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्या यादीत खान्देशातील नंदुरबार, सिंदखेडा आणि चाळीसगाव हे तीन तालुके होते. प्रस्तुत प्रकरण त्यांपैकी चाळीसगाव तालुक्यातील, गिरणेच्या कालव्याच्या पोटचारीच्या (छोट्या पाटाच्या) टोकाला जमीन असलेल्या एका कुटुंबाचे आहे. कुटुंब प्रातिनिधिक आहे. अशा अनेक गोठ्यांची परिस्थिती एका घरात आणून मांडली आहे. त्याभोवतीची वर्षे, रोग, कायदे आणि पाऊस मात्र जसे घडले तसेच आहेत.

घरात साठी ओलांडलेले नाना, त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि दोन सुना. जमीन नऊ एकर, विहीर एक. कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, मिळाले तर गहू, हरभरा. नाही मिळाले तर कपाशी आणि दादर (रब्बी ज्वारी) यांवरच वर्ष काढायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोठ्यात नऊ म्हशी, चार संकरित गायी, तीन वगारी (म्हशींच्या न व्यायलेल्या तरण्या माद्या), दोन कालवडी (गायींच्या तशाच माद्या), चार लहान वासरे-पारडी आणि बैलजोडी अशी चोवीस जनावरे दाव्याला होती. तेरा दुभत्यांपैकी प्रत्यक्ष धार आठच जनावरांची निघत होती आणि दोन्ही वेळचे मिळून सत्तावन्न लिटर दूध होते. दादरचा पेरा निम्म्यावर आला होता, नेपियर गवताचे अर्ध्या एकराचे ठोंब विहिरीच्या पाण्यावर फार तर माघापर्यंत तगणार होते आणि म्हशी-गायींसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला उभा होता. प्रश्न असा होता की आता वाढवायचे, थांबायचे की कमी करायचे, आणि कमी करायचे तर कोणाला काढायचे.

हा प्रश्न दुष्काळाने निर्माण केला असे वरवर दिसते. त्याची मुळे २०२१ मधल्या खरेदीत आहेत. तोवर या घरी चार म्हशी आणि दोन गायी होत्या. दादरचा कडबा, बांधावरचे गवत आणि जवळच्या जिनिंगच्या आधाराने सहज मिळणारी सरकी ढेप यांवर त्या नीट पोसल्या जात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन तालुक्यात कित्येकांची जनावरे वाहून गेली. या घराचे नुकसान झाले नाही, परंतु नवा गोठा उंचवट्यावर बांधायचे त्याच वेळी ठरले आणि गोठा मोठा बांधल्यावर तो भरण्याचीही घाई झाली. मोठ्या मुलाने कर्ज काढून पाच ताज्या व्यालेल्या म्हशी आणि तीन संकरित गायी एकाच हंगामात आणल्या. पहिले सहा-सात महिने दुधाचा पूर आला. मात्र एकाच वेळी व्यालेली जनावरे आटतातही एकाच वेळी, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात कोणी मोजली नव्हती.

त्यानंतर लम्पी हा अंगावर गाठी आणणारा गुरांचा साथीचा रोग आला. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यातील या साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्याकडून झाली आणि पाहता पाहता ती सगळीकडे पसरली. म्हशींना या रोगाची बाधा क्वचितच होते, गायींना मात्र तो झोडपतो. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचण्याची मोहीम गावात पोचली त्याआधीच दोन गायींच्या अंगावर गाठी आल्या होत्या. एक गेली, दुसरी वाचली, पण तिचे दूध पूर्वपदावर आले नाही आणि पुढे ती माजावर येऊनही गाभण राहीना. सप्टेंबरपासून गुरांचे बाजार बंद झाल्यामुळे जनावर विकून मोकळे होण्याची वाटही राहिली नाही. दुभत्या जनावराचा बाजार ही शेतकऱ्याची ठेव असते असे आपण धरून चालतो, परंतु ती ठेव नेमकी गरजेच्या वेळी काढता येत नाही, हे त्या वर्षी खान्देशाने पाहिले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये घरात तीन मते होती आणि तिन्हींमागे विचार होता.

मोठ्या मुलाचे म्हणणे असे की हप्ता दुधातून जातो, दूध कमी आहे, म्हणून आणखी तीन ताज्या व्यालेल्या मुऱ्हा म्हशी आणाव्यात. त्याने हिशेबही मांडला होता. तीन म्हशींचे साडेतीन लाख रुपये. प्रत्येकी नऊ लिटरप्रमाणे रोज सत्तावीस लिटर दूध. अंगपोषणाला दीड किलो आणि लिटरमागे अर्धा किलो या हिशेबाने रोजचे अठरा किलो खुराक (ढेप, भरडा असे पोषक खाद्य), म्हणजे तीस रुपये किलोने पाचशे चाळीस रुपये. विकतच्या कडब्याचे अडीचशे ते तीनशे. हे वजा जाता महिन्याला नवीन हप्ता भरून काही हजार हातात उरत होते. कागदावर हे गणित चुकीचे नव्हते. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: नऊ लिटर दूध वर्षभर टिकेल, आणि पैसे टाकले की एप्रिलमध्येही कडबा मिळेल. पहिली गोष्ट कोणत्याही म्हशीच्या बाबतीत घडत नाही. दूध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर उतरत जाते. दुसरी गोष्ट दुष्काळी तालुक्यात घडणे अवघड होते, कारण सगळ्यांचा कडबा एकाच महिन्यात संपतो.

नानांचे मत उलट होते. धार देत नाही ते आधी बाहेर काढावे, म्हणजे वगारी आणि कालवडी विकाव्यात, हा त्यांचा आग्रह. जुन्या पिढीचा हा आग्रह निव्वळ अडाणीपणाचा नसतो. ज्या काळात वगार चार-साडेचार वर्षांची होईपर्यंत व्यायची नाही, त्या काळात तिला पोसणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणारे दूध पिकवणे होते.

तिसरे मत मोठ्या सुनेचे होते. तिने दोन वर्षे एक वही ठेवली होती आणि तिचे मत त्या वहीतून आलेले होते. वहीत फार काही नव्हते: जनावराचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, व्यायल्याची तारीख, माजाच्या तारखा, रेतनाची तारीख, गाभण तपासणी, आटवल्याची तारीख आणि महिन्यातून एकदा मापून लिहिलेले दोन्ही वेळचे दूध. या नोंदींवरून दोन वेतांमधले, म्हणजे दोनदा व्यायण्यामधले, अंतर काढले तेव्हा म्हशींची सरासरी सतरा महिन्यांची निघाली.

गोठा वाढतो कसा, याचे उत्तर या आकड्यात दडलेले असल्यामुळे तो नीट उलगडणे आवश्यक आहे. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे दहा महिने दहा दिवस. व्यायल्यानंतर ११० दिवसांच्या आत ती गाभण राहिली तर दोन वेतांतले अंतर चौदा महिने राहते. सतरा महिने याचा अर्थ ती व्यायल्यावर दोनशेहून अधिक दिवस रिकामी होती. नऊ म्हशी आणि सतरा महिने अंतर असेल तर वर्षाला सहा वेते मिळतात, त्यांत वगारी तीन, त्यांपैकी एक तरी हगवणीने किंवा जंताने पहिल्या काही महिन्यांत जाते, उरल्या दोन. दुसऱ्या बाजूने वय, कासदाह, वांझपण यांमुळे नऊपैकी दीड-दोन म्हशी दरवर्षी काढाव्याच लागतात. बेरीज-वजाबाकी केली तर हा कळप वर्षाला एका धड जनावरानेही वाढत नाही. हेच अंतर चौदा महिन्यांवर आणले तर वर्षाला जवळपास आठ वेते, चार वगारी, त्यांतल्या तीन-साडेतीन वाचलेल्या, आणि खरेदी न करता वर्षाला दोन जनावरांची वाढ मिळते. म्हणजे मोठ्या मुलाला हव्या असलेल्या तीन म्हशी दीड वर्षाच्या अंतराने याच गोठ्यात तयार होत होत्या, फक्त त्या माजाच्या चुकलेल्या तारखांमध्ये हरवल्या होत्या.

म्हशीचा माज ओळखणे कठीण, उन्हाळ्यात तर फारच. गाय हंबरते, दुसरीवर चढते; म्हैस बहुधा मुका माज दाखवते. वारंवार थोडी थोडी लघवी, निरणाची (योनिद्वाराची) किंचित सूज, काचेसारखा सोट (चिकट स्राव), दूध चोरणे, पहाटे एखादे रेकणे, एवढ्याच खुणा. त्या पहाटे आणि रात्री उशिरा दिसतात आणि त्या वेळी गोठ्यात असते ती घरातली बाई. चक्र एकवीस दिवसांचे असल्याने एक माज हुकला की एकवीस दिवस वाया, आणि मोठ्या म्हशीला रोज बारा किलो शुष्क चारा धरला तर अडीच क्विंटल चारा काहीही न देता पोटात गेला. दुष्काळाच्या वर्षात सुनेने हा हिशेब रुपयांत न मांडता कडब्याच्या पेंढ्यांत मांडला आणि नानांना तो पटला, हे मला या प्रकरणातले कळीचे वळण वाटते.

त्यानंतर चाऱ्याचा हिशेब झाला. मोठ्या जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ (खाद्यातले पाणी वजा जाता उरणारा भाग) लागतो. बैलांसह पंधरा मोठी जनावरे, पाच वगारी-कालवडी आणि लहान वासरे मिळून रोज २१५ किलो, त्यातील खुराकाचा वाटा सोडला तर चाऱ्यातून १६५ किलो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच्या सव्वादोनशे दिवसांना सदतीस टन. हाताशी कडबा, मक्याचा चारा, हरभऱ्याचे कुटार आणि नेपियर मिळून एकोणीस टन. निम्म्याच्या किंचित वर. या आकड्यासमोर नवीन म्हशींची चर्चा आपोआप थांबली.

काढायचे कोणाला, हे वहीने सांगितले. दोन म्हशी आटून रिकाम्या होत्या आणि तीन-तीनदा उलटल्या होत्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिल्या नव्हत्या. तिसरीचे कासदाहात दोन सड गेले होते. ती जेमतेम तीन लिटर देत होती. चौथी लम्पीतून वाचलेली गाय. या चार जनावरांना काढल्यावर नऊ दुभती उरली आणि त्यातली सात दुधावर, दोन म्हशी गाभण. दूध तीनच लिटरने घटले. बैलजोडीबाबत नाना शेवटपर्यंत विक्रीला तयार झाले नाहीत; ती धाकट्या मुलाच्या सासुरवाडीला, तापीपलीकडे चोपडा तालुक्यात, उन्हाळ्यापुरती पाठवली गेली, कारण तिकडे केळीचा आणि पाण्याचा मुलूख आहे. केळीचे खोड बहुतांशी पाणीच असते, त्यावर जनावर पोसत नाही. पण कडब्याबरोबर पोट भरायला ते चालते. या सहा जनावरांमुळे चाऱ्याची गरज रोज चौसष्ट किलोने कमी झाली आणि सदतीस टनांची मागणी तेवीसवर आली.

तीन म्हशी पाचोरा तालुक्यातील वरखेडीच्या बाजारात विकल्या गेल्या आणि मिळून एक लाख तीस हजार आले. गाय मात्र विकलीच गेली नाही. ओल्या चाऱ्याची सोय असलेल्या नातलगाने ती जवळजवळ फुकट नेली. या फरकाकडे दुग्धव्यवसायाची पुस्तके पुरेसे लक्ष देत नाहीत. राज्यात गाईच्या कत्तलीला पूर्वीपासूनच बंदी आहे आणि २०१५ पासून ती बैल-गोऱ्ह्यांनाही लागू झाली. कायदा बरा की वाईट हा इथला विषय नाही. हिशेबापुरती गोष्ट एवढीच की भाकड म्हशीला बाजारात किंमत आहे, भाकड संकरित गायीला नाही, आणि संकरित गोऱ्ह्याला तर औतालाही कोणी विचारत नाही. गायीचे दूध जास्त असते, ती लवकर वयात येते, दरवर्षी वेत देते, हे सारे खरे असले तरी तिच्या हिशेबातून शेवटची किंमत वजा करूनच तुलना करायला हवी. त्यात त्या हिवाळ्यात गायीच्या दुधाचा खरेदीदर लिटरला तीस रुपयांच्या खाली उतरला होता. नऊ लिटरच्या गायीचे सुमारे २४० रुपये येत आणि पाच किलो खुराकाचे दीडशे जात. चारा, औषध आणि माणसाच्या श्रमाला नव्वद रुपये. जानेवारी २०२४ मध्ये शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान सुरू केले. त्यासाठी बिल्ला आणि ऑनलाईन नोंद आवश्यक होती; या घरात बिल्ले आधीच मारलेले असल्याने ती धावपळ वाचली.

विक्रीच्या पैशातून कर्जाचे चार हप्ते भरले गेले. उरलेल्या रकमेत शेजारच्या शिवारातला दोन एकर रब्बी मका उभाच विकत घेतला. विहिरीचे पाणी तळाला गेल्याने त्या मक्यात पुरते दाणे भरण्याची आशा मालकाला नव्हती. दाणा चिकात असताना, म्हणजे पिकात पासष्ट-सत्तर टक्के ओलावा असताना, तो कापून दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी केली आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरून, थरावर थर ट्रॅक्टरने दाबून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला ओला चारा, केला. मुरघासात सगळे यश दाबण्यात आणि हवाबंद झाकण्यात असते. हवा राहिली की बुरशी धरते आणि ती गाभण जनावराला घातक ठरते. पंचेचाळीस दिवसांनी उघडला तेव्हा कडेचा एक थर टाकून द्यावा लागला, बाकी माल चांगला निघाला. वीस टन ओल्या मक्यातून सहा टनांच्या आसपास शुष्क पदार्थ हाती आला आणि तेवीस टनांची तरतूद पूर्ण होऊन थोडी शिल्लक दिसू लागली. मिळालेल्या गव्हाच्या भुसकटावर शंभर किलोला चार किलो युरिया या प्रमाणात प्रक्रिया करून ते एकवीस दिवस झाकून ठेवण्याचाही प्रयोग झाला. युरियाचे माप चुकले तर जनावर दगावते, त्यामुळे हे काम मोठ्या मुलाने वजनकाटा लावून स्वतः केले.

उन्हाळा नेहमीसारखाच कडक गेला. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा काळ्या कातडीची, घाम कमी असलेली म्हैस सर्वाधिक सोसते. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाटीचा जाड थर, दुपारी तीनदा अंगावर पाणी, खुराक व मुरघास पहाटे आणि रात्री, दुपारी गव्हाण रिकामी, एवढेच उपाय केले गेले. फॉगर लावण्याइतके पाणीच नव्हते. मे महिन्यात दूध सेहेचाळीस लिटरवर आले, त्याहून खाली गेले नाही. याच महिन्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल संपले आणि त्याने पुढच्या सालाला नकार दिला. गोठ्याच्या वाढीवरची ही दुसरी मर्यादा चाऱ्याइतकीच कठोर आहे. हाताने धार काढणारा माणूस एका वेळी आठ-दहा जनावरांपलीकडे टिकत नाही. नऊ दुभत्यांचा भार दोन सुना आणि धाकट्या मुलाने उचलला; तेरा असती तर यंत्र घ्यावे लागले असते किंवा जनावरे आटवावी लागली असती. दूध संस्थेतले खाते तोवर नानांच्या नावावर होते आणि शेण, चारा, धार, वही ही कामे बायकांकडे होती. या विसंगतीवर घरात बोलणे झाले ते प्रथम याच काळात, आणि जूनपासून खाते मोठ्या सुनेच्या नावावर झाले.

वगारी राखण्याचा निर्णय कितपत योग्य ठरला, हे पुढच्या वर्षाने दाखवले. पारड्यांना जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक (व्यायल्यानंतरचे पहिले दाट दूध), दहाव्या-पंधराव्या दिवशी पहिले जंताचे औषध, पुढे सहा महिने दरमहा, चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) एकदाच द्यायची लस आणि रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण, ही शिस्त २०२२ पासून होती. दुष्काळात वगारींच्या खुराकाला हात लावायचा नाही असे ठरले, आणि तो आग्रह मला दुधाच्या जनावरांच्या खुराकाइतकाच रास्त वाटतो; वाढीच्या वयात उपाशी राहिलेली वगार वर्षभर उशिरा माजावर येते. दोन्ही कालवडी २०२४ मध्ये व्यायल्या. थोरली वगार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्रेचाळिसाव्या महिन्यात व्यायली आणि उरलेल्या दोघी २०२५ मध्ये. त्या वर्षी एक वयस्क गाय काढली गेली. म्हणजे २०२५ च्या अखेरीस दुभती तेरा झाली, २०२३ इतकीच. फरक असा की त्यातली दहा दुधावर होती आणि त्यांच्यापैकी एकही कर्जाने आणलेली नवी नव्हती. म्हशींच्या दोन वेतांतले अंतर पंधरा महिन्यांवर आले आहे, चौदावर नाही.

मतभेद मिटलेले नाहीत. दिवाळीला गंजी, मुरघास आणि नेपियर यांचा टनांत हिशेब करायचा आणि जूनअखेरपर्यंत जेवढ्यांना पुरेल तेवढीच दावी ठेवायची, यावर सगळे तयार झाले आहेत. मोठ्या मुलाला मात्र चौदावे दुभते जनावर म्हणून आणखी एक म्हैस हवी आहे आणि त्यासाठी कपाशीतले एक एकर कमी करून तिथे फुले जयवंत जातीचे नेपियर आणि लसूणघास लावायचा त्याचा प्रस्ताव आहे. कालव्याच्या टोकाला पाण्याची खात्री नसताना बारमाही चारा लावणे धोक्याचे, असे धाकट्याचे म्हणणे. गायींच्या बाबतीत तडजोड झाली आहे: नव्या गायी आणायच्या नाहीत, असलेल्यांना नव्वद टक्के मादी वासरांची शक्यता देणाऱ्या लिंगविनिश्चित वीर्यमात्रा वापरायच्या आणि गोऱ्ह्यांचा प्रश्नच उरू द्यायचा नाही. दोन गायींना तशा मात्रा दिल्या असून त्यांपैकी एक गाभण ठरली आहे, दुसरी उलटली. बैलजोडी पावसाळ्याच्या तोंडाशी परत आली आणि सध्या गावातल्या दुसऱ्या एका घराशी सावड (एकमेकांच्या कामाला बैल-माणसे देण्याची रीत) करून नऊ एकरांची पेरणी-कोळपणी तिच्यावरच होते.